दुसरा झोपाळा

वाडी, मंगळवार, १० फेब्रुवारी

मला डोक्याच्या डॉक्टरकडे दाखवा असं तू तुझ्या आईला सांगितलंस. मी मागच्या दारी भांडी घासत होते, सगळं ऐकलं. ललिता फोनवर कुजबुजत होती, पण तिची कुजबूज म्हणजे शेजाऱ्यांना आमंत्रण. पनवेलला चांगला डॉक्टर हाय म्हणे. या डोक्यावर जन्मभर लाकडाच्या मोळ्या वाहिल्या, तेव्हा कोणी डॉक्टर शोधला नाय. तुझ्या खुर्च्या भिसेगावात दारोदार फिरून खपवल्या त्या याच डोक्याने. तेव्हा ते ठीक होतं.

माझा आवाज आला की तू फोन ठेवतोस, म्हणून हा कागद. दुसरीपर्यंत शिकलेली बाई कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी नडलंय हे तुला कळायला हवं. तुझ्या खोलीचा पत्ता साईनाथने दिला. चाकणला जाणाऱ्या टेंपोवाल्याकडे कागद तोच देईल. त्याच्यावर चिडू नकोस. तुझा भागीदार हाय, वैरी नाय.

तर मन्या, आजीचा आशीर्वाद घ्यायचा तर घे, नको तर राहू दे, पण वाच शेवटपर्यंत.

रविवारी नफिसाच्या बागेत तुझ्या झोपाळ्याच्या दोऱ्या मी कापल्या. अंगात आलं नव्हतं, ऊन लागलं नव्हतं. सकाळचे नऊ वाजले होते. शुद्धीत कापल्या. नऊ वर्षं मी त्या घरची झाडं शिंपते. तिच्या लेकीचा, फराहचा साखरपुडा म्हणून त्या दिवशी सातलाच गेले. खुर्च्या पुसल्या, टेबल पुसलं, मग झोपाळ्याखाली झाडायला वाकले तर खाली पीठ पडलेलं. पिवळं, बारीक, चाळलेल्या बेसनासारखं. वर बघितलं तर आडव्या बांबूला टाचणीएवढी भोकं. ठोकून बघितला. चांगला बांबू ठोकला की खणकन बोलतो. हा बोलला नाय. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दबका लागला.

सांगायचं कोणाला? नफिसा पाहुण्यांत. तू गेटापाशी नवीन शर्ट घालून पनवेलच्या मंडळींना मोबाईलवर खुर्च्यांचे फोटो दाखवत होतास. म्हटलं पाहुणे आत गेले की तुला बाजूला घेते. तेवढ्यात पाच पोरं झोपाळ्याकडे धावली, एकीच्या कडेवर तान्हं. मी हाकललं तर हसली. शहरातल्या पोरांना म्हातारीचं ओरडणं म्हणजे करमणूक. एकाने दोरी धरून झोका पण घेतला आणि वरचा बांबू करकरला. मग मी खोपटातून कोयता आणला.

पुढचं तू बघितलंस. सगळ्यांनी बघितलं, दोघांनी तर मोबाईलमध्ये घेतलं. तू विचारलंस, "आजी, हे काय केलंस?" मी म्हटलं, "बसायच्या लायकीचा नाय." तेवढंच म्हटलं. तू खाली मान घालून गेटाबाहेर गेलास आणि दुसऱ्या दिवशी चाकणच्या कंपनीत.

आता कामाचं बोलते. त्याच बांबूचे तू दोन झोपाळे केलेस. एक नफिसाचा. दुसरा तुझ्या कुंभिवलीच्या रस्त्यावरच्या मांडवातून कोणीतरी नेला. साईनाथ त्या दिवशी खोपोलीला गेला होता, त्याला ठाऊक नाय. चिठ्ठी नाय, नंबर नाय. तो झोपाळा आज कोणाच्या तरी अंगणात उभा हाय आणि त्यावर कोण बसतंय ते मला दिसत नाय. पहिला मी पाडला. दुसरा आपोआप पडेल, तोही कोणीतरी बसलेलं असताना.

कोणी नेला ते सांग. नाव, गाव, घर. बाकी राग नंतर काढ, तो नासत नाय.

भागी


वाडी, शनिवार, १४ फेब्रुवारी

तुझा निरोप तुझ्या आईने वाचून दाखवला. वाचताना तिला लाज वाटली, तुला पाठवताना वाटली नाय. झोपाळ्यात खोट नाय म्हणतोस. बांबू तीन वर्षांचा होता, तीन वर्षांच्या बांबूला भुंगा लागत नाय, आजीलाच विचारा, तिनेच सांगितलंय म्हणतोस. आणि पत्ता दिला तर म्हातारी तिथंही कोयता घेऊन जाईल.

जाईन. त्यासाठीच विचारतेय.

मी काय सांगितलं होतं ते मला ठाऊक हाय. त्याचं नंतर बघू.

तुला वाटतं मी तुझं बरं बघू शकत नाय. मग तो बांबूचा धंदा नफिसाच्या दारात नेला कोणी? ती मला गाडीत बसवून कुंभिवलीला घेऊन गेली होती तो दिवस आठव. साखरपुडा तेव्हा डिसेंबरच्या शेवटाला ठरला होता, आणि बागेत बसायला काय घ्यावं म्हणून ती महिनाभर झोपली नव्हती. तिचे मालक सिराजभाई म्हणाले मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या कशाला वाईट. बस्स, त्यावरून दोन दिवस घरात चुलीवर फक्त भांडणच शिजलं. शेवटी ती मला म्हणाली, भागीआजी, बागेत रोज तुमी असता, ऊन कुठं येतं, पाणी कुठं साचतं तुमाला कळतं, तुमीच चला.

हायवेला लागून ती सगळी दुकानं. आधी तिला सिमेंटची बाकं दाखवली. सिमेंटला लाकडाचा रंग आणि वर झाडाच्या गाठी काढलेल्या. खरं झाड तोडायचं आणि खोट्या झाडावर बसायचं. एकदा ठेवलं की हलवायला चार माणसं लागणार, आणि नफिसा दर शुक्रवारी बाग नवीन लावते. मग लोखंडी खुर्च्या, पांढऱ्या, लेससारखी जाळी. मी बसून बघितलं. उठले तर मागं नक्षी उमटली असणार असं वाटलं, आणि आपल्याकडच्या पावसात दुसऱ्या वर्षी गंज. मग प्लास्टिकचा वेत. दुकानदार म्हणाला दहा वर्षं काय होत नाय. मी म्हटलं, नऊ महिने उन्हात ठेवून मग बोल. त्याने मला चहा विचारला नाय.

नफिसा कंटाळून लोखंडीवर यायला लागली होती. तेव्हा मी तिचा हात धरून तिला पुढं नेलं, तुझ्या मांडवात. तू बांबू तासत होतास. तू मला ओळख दाखवली नाय आणि मी पण नाय, आठवतं? ती खुर्चीत बसली, मागं टेकली, आणि तिच्या तोंडावरचा महिन्याचा ताण उतरला. सहा खुर्च्या, एक टेबल आणि एक झोपाळा. महिन्याच्या आत. नायतर लोखंडी घेईन म्हणाली. तू मान डोलावलीस आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंस. तिथपर्यंत सगळं चांगलं होतं.

आता ऐक. गुरुवारी साईनाथच्या गाडीवर बसून कुंभिवलीला गेले. मांडवाला कुलूप. चहावालीने सांगितलं, झोपाळा जानेवारीच्या सुरवातीला गेला. पांढरा टेंपो होता, बरोबर एक बाई, पंजाबी ड्रेस, टेंपोत मागं स्वतः चढून झोपाळा धरून बसली. खालापूरच्या बाजूला वळला म्हणते, पण ती स्वतः डावं-उजवं चुकते. तेवढ्यावर आमी निघालो. फार्महाऊसची गेटं, ढाबे, एक लग्नाचं लॉन. दिसेल त्या अंगणात शिरले, बांबूचं दिसेल ते ठोकलं. एका ढाब्यावाल्याने विचारलं, आजी, घ्यायची हाय का. मी म्हटलं, घ्यायला नाय, मोडायला आलेय. साईनाथ दहा पावलं लांब उभा राहिला, ओळखत नसल्यासारखा. ही सवय त्याला तुझ्याकडून लागली.

तुझ्या हातच्या अकरा खुर्च्या सापडल्या. एक पण दबकी नाय, सगळ्या खणखणीत. त्यांचा बांबू मागच्या वर्षीचा, अवसेला तोडलेला.

हे वाक्य खोडलं असतं, पण कागद एकच हाय आणि खोडलं की तू आधी तेच वाचशील.

झोपाळा नाय सापडला. एका बंगल्यात बांबूचा झोपाळा हाय असं कळलं, धावत गेले तर वेताचा, छताला टांगलेला, आत उशी आणि उशीवर मांजर. तिथल्या वॉचमनने मला बसायला खुर्ची दिली. बसले, आणि उठायला अर्धा तास लागला.

मन्या, मी उद्या पुन्हा जाणार, परवा पुन्हा जाणार. पण खालापूर तालुक्यात अंगणं किती आणि माझे गुडघे दोन. तू एक नाव लिहिलंस तर काम होतं. तू गिऱ्हाईक राखतोयस असं तुला वाटतं. गिऱ्हाईक झोपाळ्यावरून पडलं तर राखून काय करशील?

भागी


वाडी, मंगळवार, १७ फेब्रुवारी, अवस

या कागदाबरोबर पिशवीत बांबूचा तुकडा हाय. फेकण्याआधी अंगठ्याने दाब.

दाबलास? तो नफिसाच्या झोपाळ्याचा आडवा बांबू. तिने तो पाण्याच्या टाकीमागं टाकून दिला होता. काल मी तो गुडघ्यावर ठेवून मोडला. माझ्या गुडघ्यावर, जो चढावर मला उचलत नाय. वरून पिवळा, गुळगुळीत, तुझं पॉलिश अजून चमकतंय. आतून पीठ. एका पेरात बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

नफिसा बघत होती. तिने विचारलं, आजी, तुमाला आधीच कसं कळलं. मी म्हटलं, वय झालं की कळतं. साखरपुड्याच्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, काल तिने मला बसवून चहा दिला. खोटं बोलून घेतलेला चहा.

म्हणून आता लिहिते. तुझी आई शेतावर गेली हाय. ती यायच्या आत संपवते.

तू बांबू तोडलास त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याजवळ आलास. मी तांदूळ निवडत होते. वर चंद्र होता, दहा-अकरा दिवसांचा, चांगला फुगलेला. तू विचारलंस, "आजी, चंद्र वाढतोय. आत्ता तोडला तर चालेल का?" एवढं तुला शिकवलं होतं मी. चांदण्याच्या पंधरवड्यात बांबूत रस चढतो, गोड होतो, भुंग्याला तेच हवं. तोडायचा तो काळोखात, अवसेच्या जवळ, मग ओढ्यात बुडवायचा. वाडीत लहान पोरालाही ठाऊक हाय, तरी विचारायला माझ्याकडे येतात, कारण तुझ्या आज्यानंतर दिवस मोजणारी मीच उरले.

मी मनात मोजलं. अवसेला अठरा दिवस. मग ओढ्यात वीस दिवस. मग सावलीत सुकवायचा. जानेवारी उलटणार. नफिसा लोखंडी खुर्च्या घेणार. आणि तू तेव्हा रोज ललिताला म्हणत होतास, हे काम नाय मिळालं तर चाकणला जातो, तिथं मित्राने जागा बघितली हाय. तुझा बाप पण असाच गेला होता कंपनीत. नवनाथ परत आला तो ॲम्ब्युलन्समधून. दुसरा मला पाठवायचा नव्हता.

म्हणून मी म्हटलं, "तोड. बांबू तीन वर्षांचा हाय ना? तीन वर्षांच्या बांबूला चंद्र लागत नाय."

असा नियम नाय, मन्या. कोणी कधी सांगितलेला नाय. मी तो तांदूळ निवडता निवडता केला. तू पुन्हा विचारलंस, नक्की ना. मी म्हटलं नक्की. बुडवायचं विचारलंस, मी म्हटलं चार दिवस पुरे. तू माझ्या डोक्यावर हात फिरवून गेलास, म्हातारीने लेकराच्या डोक्यावर फिरवावा तसा. दुसऱ्या दिवशी दोन झोपाळ्यांचा बांबू आला.

पुढं काय झालं तुला माहीत हाय. फराहच्या होणाऱ्या नवऱ्याची कुवेतहून यायची रजा पुढं गेली आणि साखरपुडा फेब्रुवारीत गेला. म्हणजे घाई नव्हतीच. अवसेपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. उलट त्या दीड महिन्यात भुंग्याने पोट भरलं. आणि कंपनीपासून वाचवायला म्हणून मी जे बोलले त्यामुळेच तू कंपनीच्या खोलीत बसून हे वाचतोयस. हसायचं तर हस, मला राग येणार नाय.

रविवारचं पण सांगून टाकते. दोऱ्या कापल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. बांबूला भुंगा लागलाय, दिवस मी चुकवला, एवढं म्हटलं असतं तर तू ताठ मानेने उभा राहिला असतास. मला सुचलं नाय असं नाय. सुचलं होतं. जिभेवर आलं होतं. पण आपल्या वाडीतले चौघं तिथं टेबलं लावायला आले होते. चाळीस वर्षं वाडी माझ्या तोंडाकडे बघून बांबूला कोयता लावते. ते तोंड मला राखायचं होतं. म्हणून बसायच्या लायकीचा नाय म्हटलं, आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं.

तुझ्या हातात खोट नाय. जोड पक्के होते, तुकडा बघ, मोडला तो जोडापाशी नाय. खोट माझ्या जिभेत.

आज अवस म्हणून चांगो सकाळी आला होता, पोरीच्या लग्नाच्या मांडवाला बांबू तोडायचाय, दिवस विचारायला. त्याला म्हटलं उद्या ये. आजचाच दिवस चांगला हाय हे मला ठाऊक, त्यालाही ठाऊक, तरी तो मान हलवून गेला. माझ्या तोंडातून दिवस निघालाच नाय.

हे तुझ्या-माझ्यात ठेव. वाडीत नको सांगूस. एवढं माझं ऐक, आणि आता तरी पत्ता दे. आता तुझा कमीपणा नाय त्यात.

आजी


खालापूर, शुक्रवार, २० फेब्रुवारी, दुपार

काल ललिताच्या मोबाईलवर तुझं आलं. "खालापूर. शाळेमागचं पाळणाघर. श्रद्धाताई." नमस्कार नाय, आजी नाय, एक शब्द वर नाय. चालेल. पण पाळणाघर म्हणजे लहान पोरांचं हे झोपाळा देताना तुला ठाऊक होतं, आणि दहा दिवस गप्प बसलास. ते मी एकदाच लिहिते, पुन्हा काढणार नाय. माझ्याकडे पण काढण्यासारखं कमी नाय.

हे पत्र मी तिथूनच लिहितेय. मी त्या झोपाळ्यासमोर जमिनीवर बसलेय, सकाळी नऊपासून. टेंपोने कागद जायला वेळ नाय, साईनाथ त्याचा फोटो काढून तुला पाठवणार. म्हणून अक्षर मोठं काढतेय.

अकरा पोरं हायत. सगळ्यांच्या आया कंपन्यांत कामाला, सकाळी सोडतात आणि संध्याकाळी नेतात. लहानातलं लहान दोन वर्षांचं, नाकाचं पाणी पुसायला माझा पदर वापरतंय. अंगणात आंबा, त्याखाली तुझा झोपाळा. मी आधी खाली बघितलं, पीठ नाय. बरं वाटलं, क्षणभर वाटलं वाचलो. मग श्रद्धाताईला विचारलं, खाली कधी पिवळी धूळ दिसते का. ती म्हणाली रोज सकाळी असते, मोहोर गळतोय म्हणून मी झाडून टाकते. वर बघितलं. भोकं हायत, नफिसाच्या बांबूपेक्षा जास्त.

मी तिला सांगितलं, पोरांना बसवू नका, झोपाळा आजच उतरवा. ती बाई वाईट नाय. पण तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि मोबाईल काढून विचारलं, त्या व्हिडिओतल्या तुमीच ना? खालापूरपर्यंत पोचलाय तो. साखरपुड्यात कोयता चालवणारी म्हातारी, खाली लोकांनी हसणारी तोंडं लावलीत. नाय कसं म्हणू? म्हटलं, मीच.

मग तिने मला ताठ सांगितलं, तुमच्या नातवाने हा झोपाळा देताना स्वतः त्यावर उड्या मारून दाखवल्या, दोन माणसं शेजारी बसवली, आणि मला शब्द दिला. काय शब्द दिला ते तिने जसाच्या तसा सांगितला. "तीन वर्षांच्या बांबूला चंद्र लागत नाय, ताई. माझ्या आजीचा नियम हाय."

माझं खोटं मलाच ऐकवलं. तुझ्या आवाजात, अभिमानाने.

तेव्हा मी सगळं सांगितलं, मन्या. तुझ्या-माझ्यात ठेव म्हणाले होते ते मीच मोडलं. तीन आया तिथं उभ्या होत्या, साईनाथ होता, भाजीवाला होता. चंद्र, तांदूळ, नफिसाच्या लोखंडी खुर्च्या, चार दिवस पुरे, सगळं. चांगोला तर बुधवारीच सांगून टाकलं. तो पायाने माती उकरत म्हणाला, मग आता आमी कोणाला विचारायचं? मी म्हटलं, वर बघायचं, डोळे हायत ना. तो गेला आणि आता वाडीत कोण काय म्हणतं ते मी विचारत नाय. बाया नळावर माझ्यासाठी जागा करतात, ती आधीसारखी नाय, आजाऱ्याला करतात तशी.

तर इथं एवढं सांगितलं आणि त्यातली एक आई दुसरीला म्हणाली, नातवाला वाचवायला म्हातारी अंगावर घेतेय. खोटं बोलले तेव्हा लोकांनी मान डोलावली. खरं बोलले तर कीव केली.

श्रद्धाताई म्हणाली, ज्याने शब्द दिला त्याने तो परत घ्यावा. मी त्याच्या तोंडाने ऐकलं की आत्ताच्या आत्ता उतरवते. तिने माझ्यासमोर तुला दोनदा फोन लावला. नवीन नंबर बघून तू उचलला नायस, कामावर असशील. तोपर्यंत पोरांना झोपाळ्यावर सोडणार नाय एवढं तिने कबूल केलंय, पण आजपुरतंच, आणि तेही मी इथं बसलेय म्हणून. उद्या तिच्या पाळणाघराचा वर्षाचा कार्यक्रम हाय. आईबाप येणार, झोपाळ्याला फुलं बांधून त्यावर पोरांचे फोटो काढणार, दोघं-दोघं, तिघं-तिघं. फुलं आणलीत पण. बादलीत हायत.

कोयता नाय आणला. साईनाथने गाडीवर बसवायच्या आधी माझी पिशवी उघडून बघितली. पण आणला असता तरी चालवला नसता. एकदा मी पाडला तेव्हा तुझी मान खाली गेली. दुसऱ्यांदा ते करायचं नाय. हा झोपाळा तू उतरवायचा, तिथं बसून, तोंडाने. सुताराला आपलं काम चुकलं हे सांगता यायला हवं, आणि तुझं तर चुकलेलंही नाय. चुकलं माझं, सांगायचं तुला. हे बरोबर नाय हे मला कळतं. पण तिला माझा शब्द चालत नाय, तुझा चालतो. तो तू कमावलेला हाय, मी नाय दिलेला.

सहा वाजता पोरांना न्यायला आया येतात. त्यांच्यासमोर श्रद्धाताई शेवटचा फोन लावणार. नंबर खाली साईनाथने लिहिलाय. कामावरून पाच मिनिटं मागून घे, मुकादम नाय म्हणाला तर मुतायला जातो सांग.

तिला सांग, बसू नका, आज उतरवा. कोणाची चूक विचारलं तर माझं नाव घे, सगळ्यांसमोर घे, आवाज कमी करू नकोस. मला डॉक्टरकडे न्यायचं, वाडीत तोंड दाखवायचं की नाय, तू परत यायचं की नाय, यातलं काहीच आज विचारत नाय. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर. ललिताने निरोप द्यायचा नाय, साईनाथने तुझ्यावतीने बोलायचं नाय, मी तर नायच नाय. सहा वाजता त्या बाईला उत्तर तूच द्यायचंस.